घर भरलं म्हणजे नक्की किती?

२०२४ च्या मे महिन्यात मी नेदरलँडला गेले ती भाचीचं बाळंतपण करायला. ताई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हा मावशीनंच जायचं हे ठरलेलंच होतं. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, जुन्या साड्यांची मऊ दुपटी असा सगळा संसार बॅगेत भरून मी आइंडहोवनला पोचले. भाची आणि जावई दोघंही तिथे नोकरीला. व्हिसा नव्वद दिवसांचा. परत आल्यावर मी अळिवाच्या लाडवांवर नाही तर तिथल्या राजकारणावर लिहीन असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

तिथे सगळं नीट असेल तर बाळंतिणीला काही तासांतच घरी पाठवतात. मी तर घाबरूनच गेले होते. पण घरी येतो न येतो तोच एक बाई हजर! क्रामझोर्ग म्हणतात या व्यवस्थेला. आठवडाभर रोज काही तास एक शिकलेली बाई घरी येते. बाळाचा ताप बघते, वजन करते, आईला पाजायला शिकवते, न्हाणीघर धुते, वर पाहुण्यांना चहासुद्धा करते. खर्चाचा मोठा भाग विम्यातून जातो. मुलगी झाली म्हणून पाहुण्यांना टोस्टावर लोणी लावून वर बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या पसरून दिल्या. आपल्याकडे बर्फी, तिकडे हे. मी शेक-शेगडी आणि धुरीचं नाव काढलं तर बाईंनी छतावरच्या धुराच्या अलार्मकडे बोट दाखवलं! अळिवाची खीर मात्र दोन वाट्या खाल्ली. पन्नाशीच्या, उंच, कामाला चलाख, बोलायला रोखठोक. माझं इंग्रजी बी.ए.चं, त्यांचंही बेताचंच. आमचं छान जमलं.

पाचव्या दिवशी चहा घेता घेता त्यांनी मला विचारलं, "तुम्ही आता इथेच राहणार का?"

"छे हो, माझं घर आहे चिपळूणला," मी म्हटलं.

"घर आहे! मग नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. आणि मग बोलत राहिल्या. त्यांची मुलगी अठ्ठावीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. अजून आईकडे, लहानपणीच्याच खोलीत राहते. जोडीदार त्याच्या आईवडिलांकडे. दोघं कमावतात, पण भाडं परवडेल असं घर मिळत नाही आणि विकत घ्यायला गेलं की दुसरा कुणीतरी जास्त बोली लावतो. सरकारी मदतीच्या घरांसाठी नाव लावलंय, त्या यादीला वर्षानुवर्षं लागतात. मूल हवंय, पण ते ठेवायचं कुठे? मग त्या खोलीकडे, खिडकीबाहेरच्या परसाकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "तुमची भाची गोड मुलगी आहे. तिच्यावर राग नाही. पण हे घर बघायला माझी मुलगी आली असती, तर तिला मिळालं नसतं. फार माणसं आलीत हो इथे."

भाची बाळाला घेऊन आत गेली. मी गप्प बसले. खरं सांगू? आधी मला रागच आला. पाच दिवस आमच्या घरातलं खाऊन ही बाई आम्हाला 'फार आलात' म्हणते! रात्री भाचीशी बोलले तर ती म्हणाली, "मावशी, ती खोटं नाही बोलली." बाहेरून खास कौशल्यासाठी बोलावलेल्या माणसाच्या पगारातला तीस टक्क्यांपर्यंतचा भाग तिथे पाच वर्षांपर्यंत करमुक्त असतो. (२०२७ पासून तो सत्तावीस टक्के होणार आहे.) म्हणजे भाचीच्या आणि त्या शिक्षिकेच्या हातात पडणाऱ्या पैशात किती फरक पडत असेल बघा. घराची बोली लागते तेव्हा तो दिसतोच. "आणि आम्हाला काय, आम्ही मागितलं नव्हतं हे. त्यांनीच देऊन बोलावलं," हे तिचं पुढचं वाक्य.

त्यांनीच बोलावलं, हे माझ्या डोक्यात राहिलं. बाळ झोपलं की भाचीला प्रश्न विचारायचे, ती सांगेल ते ऐकायचं, बातम्यांचे मथळे तिच्याकडून वाचून घ्यायचे असा माझा उद्योग सुरू झाला. मी तिथे असतानाच, २ जुलैला, नवं मंत्रिमंडळ शपथ घेत होतं, त्यामुळे बातम्यांत दुसरा विषयच नव्हता.

देश किती? पाणी सोडून जमीन बघितली तर आपल्या महाराष्ट्राच्या नवव्या हिश्शाएवढी. त्यातला साधारण पाव भाग समुद्राच्या पातळीखाली, बांध घालून राखलेला. आणि त्यात राहतात एक कोटी ऐंशी लाख माणसं. हा आकडा त्यांनी २०२४ च्या ऑगस्टमध्ये, मी परतल्यावर पंधरा दिवसांनी ओलांडला. चौरस किलोमीटरला पाचशेच्या वर माणसं होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा हाच आकडा ३६५ होता. आपण 'परदेश म्हणजे मोकळं मोकळं' असं समजतो ना, तर तसं काही नाही. फक्त ते गर्दी ओळीत उभी करतात एवढंच.

आणि गंमत म्हणजे 'देश भरला' ही ओरड आजची नाही. १९५० साली तिथे एक कोटी माणसं होती. तेव्हाचे पंतप्रधान विलेम ड्रीस यांनी नव्या वर्षाच्या भाषणात लोकांना सांगितलं होतं की आपल्यातल्या काहींनी मोठ्या देशांत जाऊन नशीब काढण्याचं धाडस करावं. सरकारनं जाणाऱ्यांना मदतही केली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला लाखो डच माणसं गेली. बाईनं भांडी, गाद्या, शिवणयंत्र पेटाऱ्यात भरायचं आणि बोटीत बसायचं. बरं, पुढे काय झालं? दहा-पंधरा वर्षांत कारखान्यांना हात कमी पडायला लागले. म्हणून १९६४ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६९ मध्ये मोरोक्कोशी करार करून त्याच देशानं बाहेरून मजूर आणले. एका दारानं स्वतःची माणसं 'जागा नाही' म्हणून पाठवली, दुसऱ्या दारानं परकी 'हात हवेत' म्हणून बोलावली. तीच जमीन.

हेगमधल्या पॉल क्रूगरलान या रस्त्यावर भाचीनं मला भाजी आणायला नेलं, तिथे मला सुरिनामी आजी भेटल्या. त्यांचे पूर्वज बिहार-उत्तर प्रदेशाकडचे. १८७३ पासून करारावर मजूर म्हणून कलकत्त्याहून बोटीनं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला नेलेले. सुरिनाम ही तेव्हा डचांची वसाहत. १९७५ मध्ये ती स्वतंत्र होण्याच्या सुमारास हजारो लोक नेदरलँडला आले, त्यांत या आजी. भोजपुरीसारख्या गोड भाषेत माझी चौकशी केली, कारली निवडून दिली आणि मग हळूच म्हणाल्या, आता नवीन लोकांना घेणं बंद करायला हवं, फार झाले! मला हसू आवरेना. गाडीच्या डब्यात आपण चढलो की दार लावून घ्यायची सवय आपल्याला कुठेच सोडत नाही.

पण हसून सोडून देण्यासारखा हा विषय नाही. त्या क्रामझोर्गच्या बाईंचं दुःख खरं आहे. देशात सुमारे चार लाख घरं कमी आहेत, हे सरकारच मान्य करतं. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या लोकसंख्येवर नेमलेल्या सरकारी आयोगानं अहवाल दिला. त्यांनी 'दारं बंद करा' असं म्हटलं नाही, 'येऊ दे सगळे' असंही नाही. २०५० पर्यंत लोकसंख्या एक कोटी नव्वद लाख ते दोन कोटींच्या आत राहील अशी बेताची वाढ असावी, म्हणजे येणारे वजा जाणारे वर्षाला चाळीस ते साठ हजार असावेत, असं सांगितलं. २०२३ मध्ये हा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त होता. मला हे पटलं. बारा माणसांच्या स्वयंपाकात पंधरावा पाहुणा आला तर घरची बाई पाणी वाढवते आमटीत, पण पंचविसावा आला तर तिला विचारावंच लागतं ना, की बाबा, बोलावलं कुणी? ते विचारलं म्हणून ती दुष्ट होत नाही. परदेशात आपली मुलं आहेत म्हणून तिथल्या माणसानं 'किती?' असा प्रश्न विचारला की आपण लगेच वर्णद्वेष म्हणायचं, हे मला आता बरोबर वाटत नाही. वर्णद्वेष असतो, तोही मी पाहिला. आगगाडीत भाचीच्या शेजारची जागा रिकामी असताना एक गृहस्थ तासभर उभे राहिले. पण दोन्ही गोष्टी एकच नव्हेत.

माझं भांडण पुढच्या पायरीवर आहे. 'बोलावलं कुणी?' हा प्रश्न विचारायचा कुणाला?

बघा, तिथे बाहेरून येणाऱ्यांत मोठा वाटा कामासाठी येणाऱ्यांचा आणि शिकायला येणाऱ्यांचा आहे. पोलंड, रुमानियाकडून माणसं येतात आणि काचघरांत टोमॅटो, भोपळी मिरची तोडतात, गोदामांत खोकी भरतात, खाटीकखान्यांत उभी राहतात. युरोपीय संघातली असल्यामुळे त्यांना कायद्यानं अडवता येत नाही. त्यांना आणतात त्या पुरवठादार एजन्सी. खोलीही एजन्सीचीच. २०२० मध्ये एमिल रूमर यांच्या समितीनं सरकारला सांगितलं की यांचं काम गेलं की डोक्यावरचं छप्परही जातं, हे थांबवा. दुसरीकडे आइंडहोवनजवळच्या चिपच्या यंत्रांचा उद्योग. तो देश सोडून जाईल या भीतीनं त्या भागातली घरं, रस्ते, शिक्षण यांसाठी २०२४ च्या मार्चमध्ये सरकारनं अडीच अब्ज युरो बाजूला काढले. त्या उद्योगाला हवीत बाहेरची हुशार माणसं. म्हणजे निवडणुकीत 'माणसं कमी करू' म्हणायचं आणि तिजोरीतून माणसं येतील अशी सोय करायची. आश्रय मागायला येणारे निर्वासित या सगळ्यांत साधारण दहात एक-दोन. पण आवाज सगळा त्यांच्यावरच.

आणि त्यांच्यातही आधी कुणावर? बायकामुलांवर! जुलै २०२३ मध्ये मार्क रुट यांचं सरकार पडलं ते कशावरून, ठाऊक आहे? युद्धातून पळून आलेल्या निर्वासिताला आश्रय मिळाला, तर मागे राहिलेल्या बायकोला आणि मुलांना त्यानं कधी आणायचं यावरून. एका पक्षाचं म्हणणं, आणणाऱ्यांवर मर्यादा घाला, दोन वर्षं थांबू द्या. दुसरा पक्ष म्हणाला, आईबापांपासून मुलं तोडणार नाही. तुटलं सरकार. तेव्हाच्या न्यायमंत्री होत्या दिलान येशिलग्योझ. त्यांचे वडील तुर्कस्तानातून पळून आलेले, आणि १९८४ मध्ये सात वर्षांची दिलान आई आणि बहिणीबरोबर वडिलांकडे आली, तीच ही. पुढे त्या मर्यादा घाला म्हणणाऱ्या पक्षाच्या नेत्या झाल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, राजकारणातल्या बाईला किती बाजूंनी जपावं लागतं ते आपण जाणतो. पण हे वाचलं तेव्हा मांडीवर बाळ होतं, आणि मला ती बोटीतली सात वर्षांची मुलगीच दिसत राहिली.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, टेर आपेल नावाच्या गावातल्या नोंदणी केंद्राबाहेर शेकडो निर्वासित उघड्यावर गवतात झोपत होते, कारण आत जागा नव्हती. तिथेच एका दालनात तीन महिन्यांचं बाळ दगावलं. ज्या देशात बाळंतिणीच्या घरी आठवडाभर बाई येते, त्या देशात! मला त्या देशाचा राग नाही आला, भीती वाटली. इतकी नीटनेटकी माणसंसुद्धा 'किती' मोजताना समोरचा कोण हे विसरू शकतात, तर आपली काय कथा.

पुढचं तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. नोव्हेंबर २०२३ च्या निवडणुकीत खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाला १५० पैकी ३७ जागा मिळाल्या, सर्वांत जास्त. आश्रयाचे नियम हवे तेवढे कडक होत नाहीत म्हणून जून २०२५ मध्ये ते सरकारातून बाहेर पडले आणि तेही सरकार कोसळलं. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत त्यांना २६ जागा मिळाल्या, आणि तेवढ्याच मिळाल्या रॉब येटन यांच्या पक्षाला, मतं मात्र येटन यांना थोडी जास्त. त्या पक्षानं प्रचारात काय सांगितलं होतं? दहा नवीन शहरं बांधू. म्हणजे कुणीतरी अखेर माणसांवरून घरांवर आलं.

कारण घरांचं गणित नुसत्या येणाऱ्यांवर अवलंबून नाहीच. हे गणित कुणा गृहिणीला विचारलं असतं तर तिनं आधीच सांगितलं असतं. १९६० च्या सुमारास तिथे एका घरात सरासरी साडेतीन माणसं राहायची. आता दोनच्या थोडी वर. दहांतली चार घरं एकट्या माणसाची. म्हातारी आई एकटी, घटस्फोटित बाप एकटा, नोकरी करणारा मुलगा एकटा. आमच्या क्रामझोर्गच्या बाईसुद्धा नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, म्हणजे त्या एका कुटुंबाला दोन घरं लागली. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. नको असलेल्या संसारातून बाईला उठून जाता येतं, तिला वेगळं दार मिळतं, यासारखं सुख नाही. वीस वर्षं समुपदेशन केंद्रात बसून मी 'जाऊ कुठे?' हा प्रश्न हजारदा ऐकलाय. पण त्या सुखाला विटा लागतात. आणि तिथे निम्म्याहून जास्त जमीन शेती आणि गाईंच्या कुरणांना दिलेली, वर जनावरांच्या शेणमुतातून होणाऱ्या प्रदूषणामुळे २०१९ पासून न्यायालयाच्या निर्णयानं बांधकामाचे परवाने अडकलेले. हे सगळं बाजूला ठेवून 'परके आले म्हणून घर नाही' म्हणणं सोपं असतं. त्यात कुणालाच आपलं काही सोडावं लागत नाही.

हे एवढं शहाणपण मी आज सांगतेय, पण एक गोष्ट लपवली तर अप्रामाणिकपणा होईल. नेदरलँडला जायच्या सहा महिने आधी आमच्या मंडळातर्फे नगरपरिषदेला एक निवेदन दिलं होतं. 'परप्रांतीयांना खोल्या भाड्यानं देण्यावर नियंत्रण आणावं.' त्यावर माझी सही आहे. तिसरी. अक्षर सुंदर आहे म्हणून मसुदाही मीच लिहिला होता.

का केली सही? आमच्या आळीत मागच्या चाळीत दोन खोल्यांत चौदा पोरं राहायची. बिहार, झारखंडकडची, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. एक नळ, एक संडास. रात्री-अपरात्री ये-जा. बायकांना नळावर जायला अवघडल्यासारखं व्हायचं, हे खरं होतं. मुलींच्या आया घाबरायच्या, हेही खरं. मात्र कुणी काही केलं असं एकही प्रकरण आमच्याकडे आलं नव्हतं, हे मी निवेदनात लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. २०२१ च्या पुरानंतर माझ्या स्वयंपाकघरातला गुडघाभर चिखल उपसला तो लोट्याच्या अशाच चार पोरांनी, तेही मी लिहिलं नाही.

आणि आपण कोकणातल्या बायकांनी गर्दीची तक्रार करावी? २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, उलट कमी झाली. हजार पुरुषांमागे ११२२ बायका आहेत आमच्याकडे. हे बायकांचे लाड म्हणून नव्हे, पुरुष मुंबईला गेले म्हणून. माझे सासरे गेले, दीर गेले, आता भाची तर थेट युरोपात गेली. वाडीत सातांतल्या चार घरांना कुलूप. कलमांच्या बागा राखायला नेपाळी कुटुंब येतं, बोटींवर नेपाळी खलाशी. त्यांना आम्हीच बोलावलं, आमच्या दारातून आमची माणसं गेली म्हणून. मी त्या डच बाईंवर रागावले होते, पण माझ्या निवेदनातलं वाक्य आणि त्यांचं वाक्य शब्दशः एकच होतं. फरक एवढाच, की त्यांनी ते समोर बसून, चहा पिता पिता, ज्याच्याबद्दल आहे त्याच्या तोंडावर सांगितलं. आम्ही त्या चौदा पोरांपैकी एकाशीही बोललो नव्हतो.

परत आल्यावर मी गेले बोलायला. बरोबर मंडळाच्या दोघीजणी घेतल्या, एकटीनं जायची हिंमत नव्हती. पोरं दचकली. एकानं खुर्ची पुसून दिली. कळलं ते असं: खोली त्यांची नाही, ठेकेदाराची. माणशी भाडं पगारातून कापतो. चौदाजणांचं मिळून होतं ते भाडं आळीतल्या कुठल्याही दोन खोल्यांच्या भाड्याच्या जवळजवळ तिप्पट. पाण्याची टाकी बसवायला घरमालक तयार, ठेकेदार पैसे देत नाही. काम सुटलं की त्याच रात्री खोली सोडायची. मला एकदम ती पोलिश पोरं आठवली, काचघरातली. मी त्यांना पाहिलेलंही नाही. पण कहाणी तीच, फक्त तिथे कुणीतरी समिती नेमून ती लिहून काढली.

त्यातल्या एका पोरानं मोबाइलवर बायकोचा फोटो दाखवला. मूल दीड वर्षाचं, त्यानं ते दोनदाच पाहिलंय. "बायकोला का नाही आणत?" या आमच्या एकीच्या प्रश्नावर तो म्हणाला, "माई, इथे बायकामाणसाला कुणी खोली देत नाही." घ्या! आम्ही तक्रार करतो की नुसते पुरुष राहतात म्हणून भीती वाटते, आणि कुटुंब आणतो म्हटलं तर कुणी खोली देत नाही. त्या डच सरकारनं निर्वासिताच्या बायकोला दोन वर्षं थांबवायचं म्हटलं, आम्ही तर काही न म्हणताच थांबवून ठेवलंय.

नवं निवेदन मी या दिवाळीनंतर लिहून काढलं. 'नियंत्रण आणावं' हे वाक्य काढलेलं नाही. दोन खोल्यांत चौदा माणसं राहता कामा नयेत, हे माझं आजही मत आहे, आणि शहराला पाणी किती, संडास किती, खोल्या किती हे मोजूनच कामगार आणावेत असंही. पण आता ते नियंत्रण कंपन्यांच्या ठेकेदारांवर मागितलंय: किती माणसं आणली, कुठे ठेवली, भाडं किती कापलं याची नोंद नगरपरिषदेकडे हवी. आणि शेवटी एक ओळ घातली, की कुटुंबासह राहू इच्छिणाऱ्याला खोली नाकारू नये.

त्या शेवटच्या ओळीवर मंडळात खूप वादावादी झाली. आमच्या अध्यक्षा, वयानं मोठ्या, स्पष्ट म्हणाल्या, "तुझी भाची परदेशात म्हणून तुला उमाळा येतोय. आमच्या पोरांना उद्या भाड्यानं खोली मिळाली नाही तर?" मला त्यांच्यात ती क्रामझोर्गची बाईच दिसली. उत्तर द्यायच्या ऐवजी मी विचारलं, "काकू, तुमच्या मागच्या दोन खोल्या गेली तीन वर्षं कुलूप लावून का ठेवल्यात?" त्या म्हणाल्या, मुलगा मुंबईहून गणपतीला येतो म्हणून.

तेवीसजणींपैकी अकरा सह्या झाल्यात. काकूंची अजून नाही. मध्यंतरी भाचीचा फोन आला, त्या बाईंच्या शिक्षिका मुलीला अखेर घर मिळालं, आइंडहोवनपासून तासाभराच्या अंतरावर, गाड्या ठेवायच्या जागी उभारलेल्या तयार खोल्यांत. लांब पडतं, पण स्वतःचं दार आहे. काकूंना मी हे सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, "भाडं किती?"